शेजारची खुर्ची रिकामी का?

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या शहरात तीन दिवसांचा चित्रपट महोत्सव पार पडला. या महोत्सवाला मी पत्नीला घेऊन गेलो होतो. हे वाक्य लिहून मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "अहो, मी काय पिशवी आहे का घेऊन जायला? आपण दोघं गेलो होतो, असं लिहा." तिचे म्हणणे बरोबर आहे. आम्ही दोघे गेलो होतो.

वाचकांना वाटेल, नवरा-बायको सिनेमाला गेले यात लिहिण्यासारखे काय आहे? लिहिण्यासारखे एवढेच आहे की सव्वीस वर्षांच्या संसारात अशा कार्यक्रमाला आम्ही जोडीने प्रथमच गेलो. दीक्षाभूमीला आम्ही जोडीने जातो. चैत्यभूमीला जोडीने जातो. लग्नकार्य, नामकरण, पुण्यानुमोदन, सगळीकडे जोडीने जातो. पण साहित्य संमेलन, परिसंवाद, व्याख्यानमाला, नाटक, चित्रपट म्हटले की मी एकटा. माझ्या बहुतेक सहकाऱ्यांचे हेच आहे. कुणी विचारलेच तर माझे उत्तर ठरलेले असायचे, "तिला त्यातली आवड नाही." आवड आहे की नाही, हे मी तिला सव्वीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते. स्वतःला आंबेडकरी कार्यकर्ता म्हणवणाऱ्या माणसाची ही कबुली आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

महोत्सवाची वेळ सकाळी दहाची. म्हणजे ज्या घरात बाईला पाणी भरायचे, डबे करायचे आणि कामावर जायचे असते, त्या घरातली बाई तिथे येणे शक्यच नाही. शेवटचा खेळ रात्री साडेनऊचा. म्हणजे शहराच्या टोकाला राहणाऱ्यांना परतायला बस नाही. आम्हा दोघांच्या प्रवेशिकेला सहाशे रुपये मोजावे लागले. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात एवढ्या पैशांत आठवड्याचा किराणा येतो. सभागृहात तीनेकशे माणसे असतील. त्यात बायका फार तर चाळीस, आणि आपल्या वस्त्यांमधल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पडद्यावर मात्र आपलेच जगणे चालू होते. आपल्या जगण्यावरचे चित्रपट प्रस्थापितांनी पाहायचे, त्यांनीच हळहळायचे आणि त्यांनीच चर्चा करायची, असा हा प्रकार आहे. पण आज मला प्रस्थापितांवर लिहायचे नाही. त्यांच्यावर आपण रोजच लिहितो. मला आपल्यावर लिहायचे आहे. कारण त्या सभागृहात आपल्या चळवळीतले वीस-पंचवीस ओळखीचे चेहरे होते. त्यातले एक जोडपे सोडले तर सगळे एकटे आलेले होते.

पहिल्या दिवशी 'परियेरुम पेरुमाळ' हा २०१८ सालचा तमिळ चित्रपट होता. मारी सेल्वराज यांचे दिग्दर्शन आणि पा. रंजित यांची निर्मिती. तिरुनेलवेलीच्या विधी महाविद्यालयात शिकायला आलेल्या दलित मुलाची ही कथा आहे. भाषा तमिळ आणि खाली सबटायटल इंग्रजी. पत्नीचे शिक्षण मराठी माध्यमातून बारावीपर्यंतचे. तेव्हा मी शहाणपणाने तिच्या कानात एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. मागच्या रांगेतून 'शूऽऽ' असा आवाज आला. दहा मिनिटांनी तीच म्हणाली, "राहू द्या. मला कळतंय." मला ते खरे वाटले नाही. या चित्रपटाच्या अखेरीस चहाचे दोन पेले शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात. एकात दुधाचा चहा, एकात बिनदुधाचा, आणि मध्ये एक फूल. ते दृश्य आले आणि तिने माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर तिने सांगितले की लहानपणी ती आईबरोबर गावातल्या ज्या घरी कामाला जायची, तिथे त्यांची कपबशी बाहेर गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली असायची. सव्वीस वर्षांत ही गोष्ट तिने मला सांगितली नव्हती, कारण मी ती विचारली नव्हती. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्या मला त्या दोन पेल्यांचा अर्थ डोक्याने कळला. तिला तो आधीच ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' होता. २०१३ सालच्या या चित्रपटावर मी स्वतः दोन ठिकाणी भाषणे केली आहेत. शेवटच्या दगडावर मी पंधरा मिनिटे बोलतो. शाळेच्या भिंतीवरच्या महापुरुषांच्या चित्रांसमोरून डुक्कर वाहून नेले जाते त्या दृश्यावर दहा मिनिटे बोलतो. पत्नीने चित्रपट पाहून एकच प्रश्न केला, "सगळे जब्याबद्दल बोलतात. त्याच्या आईला आणि बहिणीला अख्ख्या गावासमोर डुकरामागं पळताना काय वाटत असेल, हे तुम्ही भाषणात सांगता का?" मी सांगत नव्हतो. चित्रपटात ते दिसते. गावातली टवाळ पोरे बहिणीवरून बोलतात, ते दिसते. मला ते इतक्या वेळा पाहूनही बोलण्यासारखे वाटले नव्हते. जब्याचा अपमान हा माझा अपमान होता, म्हणून तो मला लगेच कळला. त्याच्या बहिणीचा अपमान मी त्याच्या अपमानात जमा करून टाकला होता.

तिसऱ्या दिवशी 'फुले' हा अनंत महादेवन यांचा हिंदी चित्रपट होता. हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला प्रदर्शित व्हायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी विरोध केला, सेन्सॉर मंडळाने जातिवाचक शब्दांवर आक्षेप घेतले आणि अखेर तो २५ एप्रिलला पडद्यावर आला. त्या वेळी आपण या कात्रीविरुद्ध आवाज उठवला. तो उठवायलाच हवा होता. महोत्सवात या चित्रपटाला सर्वाधिक गर्दी झाली. जोतीराव सावित्रीबाईंना शिकवतात तिथे सभागृहात जोरदार टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

चित्रपट संपल्यावर खुली चर्चा झाली. व्यासपीठावर तीन वक्ते, तिघेही पुरुष. प्रेक्षकांतून प्रश्न मागवले तेव्हा माझ्या शेजारी पत्नीने हात वर केला. तिला मी असे हात वर करताना कधी पाहिले नव्हते. स्वयंसेवक पोरगा माइक घेऊन आमच्या रांगेत आला आणि त्याने तो माझ्या हातात दिला. हात तिने वर केला होता, माइक मला मिळाला. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. बाई आणि पुरुष शेजारी बसलेले असतील तर बोलणारा पुरुषच असणार, हे त्याने घरात आणि सभेत पाहिलेले आहे. दोष माझा आहे. कारण मी तो माइक तिच्याकडे दिला नाही. मी उभा राहिलो आणि बोलू लागलो. सेन्सॉर मंडळ, मनुवादी प्रवृत्ती, बहुजनांची एकजूट असे चार-पाच मिनिटे बोललो. टाळ्याही मिळाल्या. मी खाली बसलो तेव्हा वेळ संपल्याचे जाहीर झाले होते. तिचा हात केव्हाच खाली आला होता.

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. रात्री भांडी घासता घासता तिने सांगितले की तिला काय विचारायचे होते. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवले तिथे सगळे टाळ्या वाजवतात. पण जोतीराव गेल्यानंतर सावित्रीबाईंनी जे केले, त्यावर आपले लोक का बोलत नाहीत?

समाजबांधवांनो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल. जोतीरावांचे परिनिर्वाण २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा त्या रुग्णांना दवाखान्यात नेत होत्या, आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांना मृत्यू आला. म्हणजे जोतीरावांच्या पश्चात सहा वर्षांहून अधिक काळ ही बाई चळवळीत उभी होती. आपण तिला 'जोतीरावांनी शिकवलेली पत्नी' एवढ्यावर थांबवतो, कारण त्यात शिकवणाऱ्या नवऱ्याच्या जागी आपल्याला स्वतःला पाहता येते. तिच्या पुढच्या कामात मात्र तिच्यामागे उभे राहावे लागते. ते आपल्याला जमत नाही.

रमाईच्या बाबतीतही आपण हेच केले आहे. रमाईच्या त्यागावर आपण गाणी ऐकतो, डोळे पुसतो. आणि घरी आल्यावर आपल्या बायकोने रमाईसारखे निमूटपणे सोसावे अशी अपेक्षा ठेवतो. मी रात्री-अपरात्री सभेहून यावे, तिने ताट वाढून ठेवावे, पोरांचा अभ्यास घ्यावा, आल्यागेल्याचा चहा करावा आणि त्याला 'चळवळीला साथ' म्हणावे! बाबासाहेबांनी रमाईचे ऋण लपवले नाही. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी तिच्या स्मृतीला अर्पण केला आणि तिच्या सोसण्याची जाहीर नोंद केली. आपण आपल्या कोणत्या कामावर आपल्या पत्नीचे नाव घातले आहे? रमाईच्या नावाने आपल्या घरातल्या बाईकडून फुकटचा त्याग वसूल करणे, हा रमाईचा गौरव नव्हे.

बाबासाहेबांनी आपल्याला जोडीची दुसरी रीत दिलेली आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया हजर होत्या. तिथे बाबासाहेबांनी सांगितले की समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये. १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हिंदू कोड बिलाची झालेली हेळसांड हे एक मोठे कारण होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा माईसाहेब त्यांच्या शेजारी होत्या. दोघांनी जोडीने दीक्षा घेतली. त्या दिवशी लाखो माणसे बायका-पोरांसह, भाकऱ्या बांधून, पांढरी वस्त्रे नेसून आली. धर्मांतरासारखा निर्णय आपल्या आई-वडिलांनी जोडीने घेतला, आणि आपण साध्या चित्रपटाला एकटे जातो!

आपला धम्मही हेच सांगतो. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात पहिले कर्तव्य तिचा सन्मान करणे हे आहे. तिचा अनादर न करणे हे दुसरे. विहारात दर रविवारी वंदना घेणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ही कर्तव्ये घरात वाचून दाखवली आहेत? शेजारी बसलेल्या बाईच्या हातात तिचा माइक न देणे हा अनादरच आहे. तो मी केला, म्हणून मला तो नेमका ठाऊक आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, गावोगावी अत्याचार चालू आहेत, आरक्षणावर गदा येते आहे, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि तुम्ही सिनेमाच्या गोष्टी काय करता? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. पण जानेवारी १९५४ मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटाच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर राहिले होते, हे विसरू नका. प्रकृती खालावलेली आणि कामाचा डोंगर असताना त्यांना त्यासाठी वेळ काढावासा वाटला. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी गावोगावी प्रबोधन केले ते रात्रीच्या उघड्या मैदानात, कंदिलाच्या आणि बत्तीच्या उजेडात. ते ऐकायला बाया मांडीवर लेकरे घेऊन बसत. तिकीट नव्हते, सबटायटल नव्हते, आणि भाषा घरातली होती. जलशाचा श्रोता जोडीने येत होता. सभागृह आले, प्रवेशिका आली, व्यासपीठ आले आणि बाई घरी राहिली. हे आपोआप झाले असे म्हणून चालणार नाही.

पडद्यावर दिसण्याचा आणि पडदा पाहण्याचा हक्क आपल्या बाईला सहज मिळालेला नाही. केरळातील पी. के. रोझी हे नाव आपल्या घराघरात माहीत असले पाहिजे. 'विगतकुमारन' हा मल्याळम भाषेतील पहिला चित्रपट. जे. सी. डॅनियल यांच्या या मूकपटाची नायिका रोझी होती. ती दलित होती आणि तिने नायर स्त्रीची भूमिका केली. एवढ्यावरून सवर्ण खवळले. तिच्यावर हल्ले झाले, तिला आपला मुलूख सोडून पळावे लागले आणि पुढचे आयुष्य तिने तामिळनाडूत ओळख लपवून काढले. मल्याळम चित्रपटाच्या पहिल्या नायिकेला प्रेक्षकांत सन्मानाने बसून स्वतःचा चित्रपट पाहण्याचे सुख मिळाले नाही. रोझीला सवर्णांनी अडवले. आपल्या घरातल्या बाईला मात्र कोणी सवर्ण अडवत नाही. तिला दहाचा डबा अडवतो, नळाची वेळ अडवते आणि 'तिला आवड नाही' म्हणणारा नवरा अडवतो.

आता करायचे काय? प्रस्थापितांनी आपल्या सोयीच्या वेळा ठरवाव्यात म्हणून अर्ज-विनंत्या करीत बसण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्कला, ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले तिथे, दलित चित्रपट महोत्सव झाला. पा. रंजित आणि नागराज मंजुळे त्याला उपस्थित होते. सातासमुद्रापार हे होऊ शकते, तर आपल्या विहारात का होऊ नये? प्रत्येक मोठ्या वस्तीत विहार आहे. विहारात सभागृह आहे. भिंतीवर पांढरी चादर लावता येते आणि प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. कमी पडते ती इच्छा.

महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी चार वाजता एक चित्रपट दाखवावा. त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषांनी करावा किंवा विहारात सामुदायिक भोजन ठेवावे, म्हणजे कुणाला चुलीसाठी लवकर उठून जावे लागणार नाही. लहान मुलांना सांभाळण्याची पाळी तरुण पोरांनी वाटून घ्यावी. परभाषेतला चित्रपट असेल तर सुरुवातीला दहा मिनिटे मराठीत कथानक सांगावे. प्रदर्शनाच्या परवानगीची रीतसर व्यवस्था करावी. आनंद पटवर्धन यांचा २०११ सालचा 'जयभीम कॉम्रेड' घ्या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे मारली गेली. त्यानंतर चौदा वर्षे खपून बनवलेला हा चित्रपट आपल्या प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून पाहिला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चित्रपटानंतरच्या चर्चेत पहिला अर्धा तास फक्त बायकांनी बोलावे. पुरुषांनी ऐकावे. आपल्याला ऐकण्याची सवय नाही, ती लावून घ्यावी लागेल.

सुरुवातीला बायका बोलणार नाहीत. 'काय बोलू?' म्हणतील, शेजारणीला कोपराने ढोसतील, हसतील. तेव्हा कुणी पुढाऱ्याने उठून त्यांच्या वतीने बोलू नये. थांबावे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहिले तेव्हा त्यांना आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलते करावे लागले. त्या बाया आयुष्यभर गप्प होत्या, कारण त्यांना कुणी विचारले नव्हते. विचारल्यावर त्यांच्या बोलण्यातून चळवळीचा अर्धा राहिलेला इतिहास बाहेर आला. आपल्या घरातही असा इतिहास आहे. माझ्या घरात गोठ्यातल्या कपबशीचा इतिहास सव्वीस वर्षे पडून होता, आणि तो बाहेर यायला एक तमिळ चित्रपट लागला.

हा लेख पाठवण्यापूर्वी पत्नीने पुन्हा वाचला. ती म्हणाली, "माझा प्रश्न शेवटी तुमच्याच नावानं छापून येणार." तिचा हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नाही. एवढे मात्र ठरवले आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात येत्या रविवारपासून हा उपक्रम सुरू होतो आहे. पहिला चित्रपट कोणता दाखवायचा, हे तिने आणि वस्तीतल्या चार बायकांनी ठरवले आहे. चर्चेचा माइक त्यांच्याकडे राहील. त्या दिवशीचा भात मी लावणार आहे.

आपणही आपल्या विहारात सुरू करा. जाताना शेजारची खुर्ची रिकामी ठेवू नका.

जयभीम!